हापशापासून वॉशिंग मशीनपर्यंत: एका वायसरची वाट

वॉशिंग मशीनखाली ओल दिसली की सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या घरात पहिला अंदाज निघतो, ‘वायसर (वॉशर) गेलं असणार.’ हा शब्द घरात मशीनच्या आधी आला. त्याची वाट जाते हापशाकडे, म्हणजे हातपंपाकडे.

त्याआधी विहिरीवर मोट होती. मोट फाटली तर ती शिवणारे हात गावातच असत. १९७२च्या दुष्काळाने विहिरी कोरड्या पाडल्या, तेव्हा बेसॉल्टच्या कातळात बोअर घेऊन त्यांवर हापसे बसवण्याला जोर आला. सुरुवातीचे हापसे बिडाचे होते आणि त्यांची घडण एका कुटुंबापुरती. इथे एकेका हापशावर सगळी वस्ती दिवसभर पाणी उपसत होती. सांधे झिजले, दांडे तुटले आणि बायका घागरी घेऊन पुन्हा लांबच्या वाटेला लागल्या.

यावरचा उपाय याच मुलखात घडला. जालन्यात घडलेल्या हापशापाठोपाठ सोलापुरात पोलादी हापसा तयार झाला. त्याचा दांडा एकाच खिळीवर फिरे आणि साखळीमुळे आतली सळई सरळ वरखाली होई, त्यामुळे झीज घटली. हा ‘सोलापूर पंप’ त्या काळी सर्वांत टिकाऊ ठरला. युनिसेफच्या पुढाकाराने त्याच पायावर ‘इंडिया मार्क २’ उभा राहिला. रिचर्डसन अँड क्रुडास कंपनीने त्याचे नमुने घडवले, १९७६-७७मध्ये कोइमतूरकडे त्यांची चाचणी झाली आणि मग हा हापसा जगभर पोचला.

तरी एक अडचण उरलीच होती. पाण्याखालच्या सिलिंडरमधलं चामड्याचं वायसर झिजलं, की ते बदलायला अख्खी पाइपलाइन वर ओढावी लागे. त्यासाठी तिवई आणि माणसांची फौज हवी. पुढे चामड्याच्या जागी नायट्राइल रबर आलं. ‘मार्क ३’मध्ये पाइप रुंद केल्याने दट्ट्या तेवढाच वर काढता येऊ लागला. दुरुस्ती गावाच्या हातात आली.

घरातल्या मशीनची दुरुस्तीही अशीच आपल्या हातात असू शकते. गळती कुठे आहे, त्यावर कारण ओळखता येतं. नळाच्या जोडाशी थेंब असेल तर इनलेट पाइपचं वायसर गेलेलं असतं. टबात भरलेलं पाणी ड्रेन पाइपातून आपोआप वाहत असेल, तर ड्रेन व्हॉल्व्हच्या रबराखाली धागे किंवा एखादं नाणं अडकलेलं असू शकतं. मशीनच्या बरोबर मधोमध ठिबकत असेल, तर टबाच्या तळाशी फिरणाऱ्या चकतीखालचं, म्हणजे पल्सेटरखालचं सील पाहावं. ते पुष्कळदा नायट्राइल रबराचंच असतं. क्षाराचं पाणी असेल तर त्याच्या कडेवर पांढरा थर बसतो, रबर ताठरतं आणि पाणी गिअरबॉक्सवर उतरतं.

काम सुरू करण्याआधी प्लग काढायचा आणि नळ बंद करायचा. नवं सील घेताना जुनं सोबत न्यायचं, म्हणजे माप चुकत नाही. ते बसवल्यावर टब भरून मशीनखाली वर्तमानपत्र पसरायचं. अर्ध्या तासाने कागद कोरडा असला, की प्लग पुन्हा लावायचा.