येळवशीला 'सामुदायिक कला' म्हणायचं का?

लातूर-नांदेडकडच्या माणसाला येळवस सांगावी लागत नाही. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत कधीतरी, गावंच्या गावं रानात जातात. बायकांच्या डोक्यावर जेवणाचा हारा, कुणाच्या डोक्यावर आंबिलीचं मडकं, मागे लेकरं, पाहुणे, शेजारी. रानात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायची, आत चुना लावलेले दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची, उभ्या पिकाला फेरी मारत आंबील शिंपडायची आणि मग पंगत. कागदोपत्री हिचं नाव वेळ अमावस्या. लातूर जिल्ह्यात या दिवशी स्थानिक सुट्टी असते आणि लातूर शहरातले रस्ते दुपारी ओस पडतात.

आता संशोधनाकडे येऊ. कलेच्या इतिहासात गेल्या काही दशकांत एक शाखा चांगलीच फोफावली आहे. लोकांनी मिळून चालणं, मिळून काहीतरी लावणं, रानात आपोआप उगवलेलं खुडून एकत्र शिजवणं आणि या सगळ्याला कलाकृती म्हणणं. तिची वंशावळ बहुतेक ठरलेली असते. १९६७ मध्ये रिचर्ड लाँग इंग्लंडमधल्या एका कुरणात एकाच रेषेत ये-जा करत राहिला, गवतात पायवाट उमटली, तिचा फोटो ही कलाकृती झाली. १९८२ मध्ये ॲग्नेस डेनिसने न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये भराव टाकलेल्या दोन एकरांवर गहू पेरून काढला. त्याच वर्षी योसेफ बॉइसने जर्मनीतल्या कासेल शहरात सात हजार ओकची झाडं लोकांकडून लावून घ्यायला सुरुवात केली. (योगायोग असा की लातूर जिल्हा उस्मानाबादपासून वेगळा झाला तोही १९८२ च्या ऑगस्टमध्येच. यातून काहीही सिद्ध होत नाही, पण टिपणवहीत दोन्ही नोंदी शेजारी-शेजारी आल्या.)

हे वाचताना आपल्याकडच्या विद्यार्थ्याच्या मनात हमखास येतं की हे तर आपण आधीपासून करतोय. चालणं आहे, शेत आहे, कडब्याची रचना आहे, एकत्र जेवण आहे. माझ्याही पहिल्या आराखड्यात असंच वाक्य होतं. ते मी काढून टाकलं. का काढलं, तेच आज सांगायचं आहे.

पहिली अडचण भूगोलाची. आपण सहज म्हणतो, 'लातूर जिल्ह्याचा सण'. पण आजच्या लातूर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या बिदर जिल्ह्यात होते. राज्य पुनर्रचनेत बिदर म्हैसूरकडे गेलं आणि हे तालुके मुंबई राज्यात आले. पलीकडे बिदर-कलबुर्गी भागात याच अमावास्येला 'एळ्ळ अमावास्ये' म्हणतात. तिथेही लोक शेतातच जेवायला जातात आणि तिथेही भज्जी असते. कानडीत 'एळ्ळु' म्हणजे तीळ आणि 'एळु' म्हणजे सात. आपल्याकडे व्युत्पत्ती सांगताना कुणी 'सातवी अमावास्या' म्हणतं, कुणी मराठी 'वेळ' शब्दाकडे जातं. मला तिळाचा धागा जास्त पटतो, कारण कानडी नाव थेट तिळाचं आहे आणि दिवसही तिळाच्या हंगामातला आहे. आंबील शिंपडताना जी हाक देतात तिच्या शेवटच्या शब्दात तर मला कानडी 'होळिगे', म्हणजे पोळी, स्पष्ट ऐकू येते. म्हणजे ज्या सणाला आपण मराठवाड्याची अस्सल ओळख म्हणतो, तो अर्धा कानडीत बोलतो. १९५६ ची रेघ त्याच्या मधून गेली, एवढंच.

कागदपत्रं शोधतानाही ही रेघ लक्षात ठेवा. उदगीरची जुनी नोंद 'लातूर'खाली शोधाल तर हाती काही लागणार नाही. १९५६ च्या आधीचं बिदरखाली पाहा, नंतरचं १९८२ पर्यंत उस्मानाबादखाली. नांदेडचंही तसंच आहे. किनवट तालुका १९५६ मध्ये आदिलाबादकडून आला, तर मुधोळ-भैंसा तिकडे गेलं. निजामकाळातलं दप्तर बरंचसं उर्दूत आहे. उर्दू वाचायला शिकण्याचा कंटाळा करू नका, असं मी स्वतःलाही रोज सांगतो.

दुसरी अडचण एका शब्दाची आहे आणि मला तीच जास्त मोलाची वाटते. इंग्रजी लेखनात शेत आणि जंगल या दोन वेगळ्या जागा असतात. पेरलेलं शेतात, आपोआप उगवलेलं जंगलात. आपल्याकडे 'रानात चाललो' म्हणजे शेतात चाललो. किनवट-माहूरकडे, जिथे गोंड, कोलाम, आंध वस्ती आहे, तिथे रान म्हणजे खरोखर जंगल. पण लातूरच्या काळ्या जमिनीत रानभाजी म्हणजे पिकाच्या ओळीत, बांधावर आलेली तांदुळजा, पाथरी, घोळ, कुर्डू, कुंजीर. शेतकऱ्याच्या दृष्टीनं हे तण. खुरपायला आलेल्या बाईच्या दृष्टीनं संध्याकाळचं कोरड्यास. ती तण उपटते त्याची मजुरी मिळते आणि तेच तण ओट्यात घेऊन ती घरी जाते. म्हणजे रानभाजीचं ज्ञान कुणाकडे होतं हा प्रश्न जमीन कुणाकडे होती या प्रश्नापासून तोडता येत नाही. १९७२ च्या दुष्काळात सुकडी आणि मिलोच्या जोडीला तरोट्यासारखा पाला खाल्लेली पिढी अजून आहे. तिच्यासमोर 'रानभाज्यांचा वारसा' म्हणून बोलायला गेलात तर आधी हसू येईल, मग गप्प बसणं. ते गप्प बसणंही टिपून घ्या.

येळवशीच्या भज्जीकडे आता परत बघा. तुरीचे ओले दाणे, हरभऱ्याचे सोले, वाटाणा, वाल, मेथी, पालक, चुका, चाकवत, कांद्याची पात, मिळेल ते सगळं बेसन आणि ताकात शिजवायचं. यात पेरलेलं किती आणि वेचलेलं किती, ते घराघरात बदलतं. ज्यांचं रान आहे त्यांच्याकडे भज्जी शेतातून येते. भूमिहीन कुटुंब त्या दिवशी कुणाच्या तरी रानात बोलावलेलं असतं आणि मग पंगत कुठे बसली, भज्जी कुणी वाढली, कोपीपर्यंत कोण गेलं, हे विचारावं लागतं. 'अख्खं गाव' असं मी वर सहज लिहिलं नाही, 'गावंच्या गावं' लिहिलं. पण खरं तर तेही सैलच आहे. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' (२०१५) मराठवाड्यातल्या महार-मांग समाजाच्या जेवणाबद्दल आहे. सणांच्या ताटाबद्दल लिहिण्याआधी ते वाचून घ्या. ते वाचल्यावर 'सामूहिक' हा शब्द हातात घेताना जरा जड वाटायला लागतो.

म्हणून ते वाक्य काढलं. 'हे तर आपल्याकडे आधीपासून होतं' म्हटलं की लाँग आणि बॉइसच्या व्याख्येत येळवस नीट बसते, आणि बसवताना तिच्यातली मजुरी, जात आणि हद्द गळून पडते. त्याऐवजी मी उलट प्रश्न घेतला: कासेलमध्ये ओकचे खड्डे कुणी खणले, मॅनहॅटनचा गहू कुणी खाल्ला, हे येळवशीच्या अंगानं विचारलं तर काय दिसतं? प्रबंधाचं दुसरं प्रकरण सध्या यावरच अडलं आहे.

बदल मात्र भराभर होतोय आणि तो नोंदवायला थांबता येणार नाही. लातूर भागात सोयाबीन आलं, ज्वारी हटली. सोयाबीनला कडबा नसतो. तणनाशक मारलं की खुरपणीची मजुरी जाते आणि तिच्यासोबत ओट्यातली भाजीही. ऑगस्टमध्ये कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव भरतात, तिथे पाथरीची जुडी टेबलावर नावाच्या पाटीसह ठेवलेली दिसते. आणि येळवशीला कोपीसाठी पाच पेंढ्या विकत आणाव्या लागतात. नाही मिळाल्या तर चार काठ्या रोवून वर जुनी साडी बांधतात. मी आता रानात गेलो की आधी तेच मोजतो: किती कोपी कडब्याच्या, किती साडीच्या.