कॅमेऱ्याचे ओझे कोणाच्या खांद्यावर?

गेल्या वर्षी आषाढात माझा उजवा खांदा पार आखडला. सदरा घालताना हात वर जाईना. डॉक्टरांनी तपासून विचारले, "रोज काय उचलता?" मी म्हटले, "कॅमेरा." त्यांना ते खरे वाटले नाही. नेमका आकडा मलाही ठाऊक नव्हता, म्हणून दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्याची पिशवी कोपऱ्यावरच्या वाण्याच्या काट्यावर नेऊन ठेवली. काटा साडेसहा किलोंवर थांबला. कॅनन फाइव्ह डी मार्क टू हा डीएसएलआर बॅटरीविना ८१० ग्रॅम, त्याची २४-७० मिमी लेन्स ९५० ग्रॅम आणि ७०-२०० मिमीची लांब पल्ल्याची लेन्स जवळजवळ दीड किलो. बाकीचे वजन ट्रायपॉड, फ्लॅश, बॅटऱ्या आणि खुद्द पिशवीचे.

सातारा, सांगली आणि सोलापूर या जिल्ह्यांतले वीरगळ व शिलालेख टिपत मी गेली पंधरा वर्षे हिंडतो आहे. नोकरी सांभाळून, रविवार आणि रजा खर्चून. कुठल्या विद्यापीठाचा शिक्का पाठीशी नाही. जे शिकलो ते पुस्तकांतून, दगडांतून आणि चुकांतून. हे काम बंद करायचे की कॅमेरा बदलायचा, असा प्रश्न उभा राहिला. शेवटी कॅमेरा बदलला. आता सदऱ्याच्या खिशात मावणारा रिको जीआर थ्री वापरतो. बॅटरी आणि कार्ड धरून त्याचे वजन २५७ ग्रॅम.

हा बदल माझ्या खांद्यापुरता आहे असे वाटले होते. खांदा शेकत घरी बसलो असताना कॅमेऱ्याच्या इतिहासाची पुस्तके नव्याने वाचली, तेव्हा वेगळेच दिसू लागले. हा इतिहास आपण लेन्सचा, रसायनांचा आणि सेन्सरचा म्हणून वाचतो. तो वजनाचाही आहे. चित्र कोण काढणार, कशाचे काढणार आणि त्यासाठी ओझे कोण वाहणार, हे फार वेळा वजनाने ठरवले आहे.

ओल्या काचेचे दिवस

१८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रजाने ओल्या कोलोडियनची पद्धत जाहीर केली. काचेवर कोलोडियनचा थर द्यायचा, ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची आणि थर ओला असतानाच छायाचित्र घेऊन लगेच धुवायचे. थर वाळला की काच वाया. म्हणजे जिथे चित्र तिथेच अंधारखोली हवी. त्यातच मोठे चित्र हवे तर काचही तेवढीच मोठी घ्यावी लागे, कारण ठसा काचेच्या मापाचाच निघत असे. तंबू, काचांच्या पेट्या, रसायनांच्या बाटल्या, पाणी आणि लाकडी कॅमेरा असा तो संसार होता.

आपल्याकडे ही विद्या लवकर आली. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी हे तिथल्या सुरुवातीच्या हिंदी छायाचित्रकारांपैकी एक. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यात वर्षानुवर्षे घालवलेल्या मेजर रॉबर्ट गिलने पुढे कॅमेरा हाती घेतला. १८६४ साली निघालेल्या जेम्स फर्ग्युसनच्या लेण्यांवरील ग्रंथात गिलची ७४ छायाचित्रे आहेत. अजिंठ्याची वाट आज ज्यांनी बसने केली आहे, त्यांनी तीच वाट काचांच्या पेट्या घेऊन चालायची कल्पना करून पाहावी.

हे ओझे वाहिले कोणी, याचा पुरावा हिमालयातल्या मोहिमांत अधिक स्पष्ट मिळतो. सॅम्युअल बोर्न १८६३ साली हिंदुस्थानात आला आणि १८६६ पर्यंत त्याने हिमालयात तीन मोठ्या मोहिमा केल्या. अठरा हजार फुटांहून उंच असलेल्या मणिरंग खिंडीतून त्याने छायाचित्रे आणली. या प्रवासांवर त्याने इंग्लंडमधल्या छायाचित्रणाच्या नियतकालिकात सविस्तर लेख लिहिले. त्याच्याबरोबर डझनावारी हमाल असत. लेखांत ते येतात ते बहुधा संख्येने, किंवा वाटेत पळून गेल्याच्या तक्रारीतून. बर्फात पाय रोवून काचांची पेटी सांभाळणारा माणूस पळून का जातो, हा प्रश्न बोर्नला फारसा पडलेला दिसत नाही. चित्राखाली नाव बोर्नचे.

मलाही तो प्रश्न पंधरा वर्षे पडला नव्हता. त्याकडे पुढे येतो.

दमेकरी कारागीर

कोरड्या काचा आल्या आणि अंधारखोलीचा तंबू सुटला. १८८८ साली जॉर्ज ईस्टमनने शंभर चित्रांची गुंडाळी भरलेला कोडॅक बाजारात आणला. चित्रे काढून झाली की अख्खा कॅमेराच कारखान्याकडे पाठवायचा. हौशी माणसाची सोय झाली, पण बारकावे हवे असणाऱ्याला मोठी काच आणि तिपाई चुकली नाही.

ती चुकवली ऑस्कर बार्नाक या जर्मन यांत्रिकाने. १८७९ साली जन्मलेला बार्नाक १९११ मध्ये वेट्झलार गावातल्या अर्न्स्ट लाइट्झ यांच्या सूक्ष्मदर्शकांच्या कारखान्यात आला. त्याला हिंडण्याची आणि छायाचित्रांची आवड होती. पण दम्याचा विकार असल्याने काचांचा जड कॅमेरा घेऊन चढ चढताना धाप लागे. उपाय त्याने सिनेमाच्या फिल्ममध्ये शोधला. सिनेमाची चौकट १८ × २४ मिमी असे. त्याने फिल्म आडवी फिरवली आणि दोन चौकटींची मिळून २४ × ३६ मिमीची एक केली. फिल्मवर चित्र लहान घ्यायचे आणि कागदावर मोठे करायचे, ही त्यामागची युक्ती. आज 'फुल फ्रेम' म्हणून ज्या मापाचा गौरव होतो, ते माप एका दमेकऱ्याच्या सोयीतून आले आहे.

पहिला नमुना १९१४ च्या सुमारास तयार झाला. मग महायुद्ध आले, त्यानंतर जर्मनीत महागाईचा डोंब उसळला. १९२४ साली कारखान्याच्या मालकाने, दुसऱ्या अर्न्स्ट लाइट्झने, हा कॅमेरा काढायचा निर्णय घेतला आणि १९२५ च्या लाइपझिगच्या जत्रेत 'लायका' लोकांसमोर आला.

या लहान यंत्राने काय बदलले, हे दिल्लीत दिसते. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ १९३२ पासून लायका वापरत होता. त्याची चकाकी लोकांच्या डोळ्यांत भरू नये म्हणून तो धातूवर काळी पट्टी चिकटवत असे. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींच्या हत्येच्या थोडाच वेळ आधी तो त्यांना भेटून गेला होता. त्याच रात्री बिर्ला हाउसच्या फाटकापाशी नेहरू लोकांना ती वार्ता सांगतात, हे त्याचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. ते अस्पष्ट आहे, धुरकट आहे. फ्लॅश नाही, तिपाई नाही. त्या क्षणी खिशात असलेले यंत्रच ते टिपू शकले.

पण जड कॅमेऱ्याने काम होत नसे, असा निष्कर्ष कोणी काढू नये. त्याच दिल्लीत मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला स्पीड ग्राफिक आणि रोलायफ्लेक्स घेऊन वावरत होत्या. आपल्या देशातल्या त्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. साडी नेसून, सायकलवर सामान लादून त्या समारंभांना जात. जड कॅमेऱ्याने त्यांना अडवले नाही. पण ते ओझे त्यांनी स्वतः वाहिले, हे त्यांची चित्रे पाहताना लक्षात ठेवावे.

आरशाची किंमत

मग लहान झालेला कॅमेरा पुन्हा जड का झाला? कारण आरसा. लेन्समधून येणारे चित्र जसेच्या तसे डोळ्याला दिसावे, म्हणून फिल्मच्या पुढे तिरपा आरसा आणि वर पाच बाजूंचा लोलक बसवतात. बटण दाबले की आरसा वर उचलला जातो आणि प्रकाश फिल्मवर पडतो. एसएलआर तो हाच. आरशाला हलायला जागा हवी. कॅननच्या बांधणीत लेन्सचे कडे आणि सेन्सर यांत ४४ मिमी अंतर राहते, ते यासाठीच. बदल्यात मोठा लाभ मिळाला. कोणतीही लेन्स लावा, जे दिसते तेच येते. १९५९ साली निकॉन एफ आला आणि पत्रकारांच्या गळ्यात हाच प्रकार रुळला. पुढे फिल्मच्या जागी सेन्सर बसला. त्याचा डीएसएलआर झाला, पण आरसा तसाच राहिला.

त्याच १९५९ साली ऑलिंपसच्या योशिहिसा माइतानी या तरुण अभियंत्याने 'पेन' नावाचा चिमुकला कॅमेरा काढला. त्याची चौकट १८ × २४ मिमी होती. बार्नाकने जे दुप्पट केले, ते माइतानीने पुन्हा निम्मे केले. नंतर १९७२ मध्ये त्याने आरशाचाच कॅमेरा लहान करून दाखवला. त्याचे नाव 'एम-वन' होते. लाइट्झ कंपनीने हरकत घेतल्यावर ते 'ओएम-वन' झाले. १९७९ चा 'एक्सए' तर सरकत्या झाकणाचा, खिशात घालायचा. १९९० मध्ये टायटॅनियमचा कॉन्टॅक्स टी-टू आणि १९९६ मध्ये रिको जीआर-वन आला. लहान, पण उत्तम लेन्सचा आणि महाग, अशी एक वेगळी जात इथे पक्की झाली.

डिजिटल युगात ही जात काही काळ मागे पडली. स्वस्त खिसा-कॅमेऱ्यांचा सुळसुळाट झाला, पण त्यांचा सेन्सर नखाएवढा असे. मग मोबाइल आला. जपानी उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० साली सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०२३ साली ८० लाखही नाहीत. मोबाइलने स्वस्त कॅमेरा गिळला, तेव्हा कंपन्यांनी लहान अंगात मोठा सेन्सर घालायला सुरुवात केली. २०११ चा फुजीफिल्म एक्स-शंभर, २०१२ चा सोनी आरएक्स-शंभर आणि २०१३ चा रिको जीआर ही त्याची ठळक उदाहरणे. माझ्या रिकोचा सेन्सर साध्या खिसा-कॅमेऱ्याच्या सुमारे तेरापट क्षेत्रफळाचा आहे. आरसा नाही आणि लेन्स बदलत नाही, म्हणून ती सेन्सरच्या अगदी जवळ बसवता येते. जादू काही नाही. मोकळी जागा काढून टाकली, एवढेच.

काय गमावले, काय मिळाले

वीरगळावर खालच्या चौकटीत लढाई, वर अप्सरा वीराला नेतात, त्यावर शिवलिंगाची पूजा आणि माथ्याशी चंद्र-सूर्य, असा क्रम साधारण असतो. झिजलेल्या दगडावर हे उमटायला प्रकाश तिरपा हवा. तो सकाळच्या उन्हाने मिळतो किंवा बाजूने धरलेल्या विजेरीने. तिथे लहान कॅमेरा कमी पडला नाही. कमी पडला तो उंचीवर. देवळाच्या शिखराजवळ बसवलेला शिल्पपट पूर्वी लांब लेन्सने ओढून घेत असे. आता तो नोंदवहीत 'दुरून पाहिला' एवढाच राहतो. भर उन्हात मागचा पडदा दिसत नाही, छत्री धरावी लागते. बॅटरी दोनेकशे चित्रांत संपते. दगडाच्या फार जवळ गेलो की कडा ताणल्यासारख्या येतात, म्हणून दोन पावले मागे उभे राहून नंतर चित्र कापावे लागते. डीएसएलआर विकून चूक केली, असे महिन्यातून एकदा तरी वाटते.

आणि तरीही एक गोष्ट सांगतो. एका गावात परसातला वीरगळ धुणे आपटायला वापरतात. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी ट्रायपॉड उभा केला. घरमालक बाहेर आले. "सायेब, मोजणी हाय का रस्त्याची? का दगड नेणार सरकार?" मी पुष्कळ समजावले. त्यांनी दगडावर पोते टाकले आणि दार लावून घेतले. या वर्षी पुन्हा गेलो, ओसरीवर बसलो, चहा झाला. खिशातून कॅमेरा काढून आधी त्यांच्या हातात दिला. त्यांनी उलटसुलट करून पाहिला आणि स्वतःच दगडावर कळशीभर पाणी ओतले. ओल्या दगडावर घोडेस्वार उमटला. खालच्या अंगाला गाईंचा कळप होता. म्हणजे तो वीर गोधन राखताना पडलेला.

कॅमेरा त्यांच्या हाती मुद्दाम दिला, त्याला कारण आहे. अमेरिकन छायाचित्रकार वॉकर इव्हान्सने १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाखाली कॅमेरा दडवून प्रवाशांचे चेहरे टिपले. ती चित्रे पुस्तकरूपाने १९६६ साली आली. चित्रे मोठी आहेत, पण त्या प्रवाशांना कोणी विचारले नव्हते. मोठा कॅमेरा आपण आल्याचे स्वतःच सांगतो. लहान कॅमेरा सांगत नाही, म्हणून ते आपण सांगायचे असते.

आता तो राहिलेला प्रश्न. माझे साडेसहा किलो सगळी वर्षे मीच वाहिले असे नाही. चढ लागला की गावातला एखादा पोरगा पिशवी घेई. त्यातला एक तर सात-आठ वर्षे जवळजवळ प्रत्येक फेरीत असे. कुठला दगड कुठल्या बांधावर आहे हे त्यानेच दाखवले. पुढे तो कामाला पुण्याला गेला आणि पिशवी माझ्या खांद्यावर आली. खांदा आखडायला त्यानंतर दोन पावसाळेही लागले नाहीत. माझ्या नोंदवह्या काढून पाहिल्या. दगडांची उंची-रुंदी सेंटिमीटरपर्यंत आहे, तारखा आहेत, कुठली लेन्स लावली तेही आहे. त्याचे नाव कुठेच नाही. छापलेल्या लेखांतही नाही. बोर्नवर हसण्याचा अधिकार मला उरला नाही.

त्याला फोन केला. खांद्याचे ऐकून तो म्हणाला, "मग मला बोलवायचं ना काका." जुन्या नोंदींत त्याचे नाव घालू लागलो आहे. ते इथे छापण्यापूर्वी त्याला विचारायला हवे, म्हणून या लेखात देत नाही. नव्या वहीत मात्र ठिकाण, तारीख आणि माप यांच्यापुढे एक रकाना वाढवला आहे: सोबत कोण होते.