दहा रुपयांचा हिशेब

‘आता काही होणार नाही’ हे वाक्य हल्ली घरात इतक्या सहज बोललं जातं, की मुलांना ते अनुभवाचं शहाणपण वाटू लागतं. अशा वेळी मी जयपूरच्या एका धरण्याचा इतिहास त्यांना सांगते.

मूळ भांडण मजुरीचं. राजस्थानात दुष्काळी कामांवर राबणाऱ्यांना किमान वेतन मिळत नसे. विचारलं की ठरलेलं उत्तर यायचं: तुम्ही तेवढं काम केल्याची नोंद कागदावर नाही. आणि कागद गुप्त. आपल्याकडे रोजगार हमीच्या कामावर मस्टरचं महत्त्व ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना यातली मेख वेगळी सांगायला नको. १९९० साली १ मे रोजी भीम या गावी स्थापन झालेल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने अखेर तो कागदच मागायचं ठरवलं. डिसेंबर १९९४पासून गावात जनसुनवाया होऊ लागल्या. हजेरीपट सगळ्यांसमोर मोठ्याने वाचले जात आणि त्यांत मेलेल्या माणसांचीही नावं निघत.

एप्रिल १९९५मध्ये मुख्यमंत्री भैरोंसिंह शेखावत यांनी विधानसभेत या कागदांच्या प्रती देण्याचं जाहीर केलं. वर्ष उलटलं, हाती काही आलं नाही. १९९६मध्ये ब्यावरला ४० दिवस धरणं झालं. सरकारने समिती नेमली. पुन्हा सामसूम. मे १९९७मध्ये, भर उन्हाळ्यात, माणसं जयपूरच्या सचिवालयाजवळ येऊन बसली आणि ५३ दिवस बसून राहिली. शेवटी उपमुख्यमंत्र्यांनी सांगितलं की पंचायतीच्या कागदांच्या प्रती देण्याचा नियम सहा महिन्यांपूर्वीच काढलेला आहे!

म्हणजे ज्यासाठी उन्हातान्हात बसायचं, ते आधीच छापून झालेलं होतं. फक्त कुणाला कळू दिलेलं नव्हतं. निराश व्हायला याहून सबळ कारण कोणतं हवं? पण माणसं तोच नियम हातात घेऊन पंचायतींच्या दारात गेली. २०००मध्ये राजस्थानचा आणि २००५मध्ये देशाचा माहिती अधिकार कायदा झाला. त्याचा उपयोग करणारे कितीतरी जण त्या धरण्याच्या वेळी जन्मलेही नव्हते.

या कथेचा शेवट गोड आहे, असं मात्र मी मुलांना सांगत नाही. २०१९च्या दुरुस्तीने माहिती आयुक्तांचा कार्यकाळ आणि वेतन ठरवणं केंद्राच्या हाती गेलं. २०२३च्या डिजिटल विदा संरक्षण कायद्याने वैयक्तिक माहितीच्या नावाखाली नकार देणं आणखी सोपं केलं. मिळालेलं हातून निसटू शकतं. म्हणूनच कायद्याइतकीच विचारण्याची सवयही पुढच्यांच्या हाती द्यावी लागते.

ही सवय कशी असते, ते चळवळीतल्या सुशीलाबाईंनी दिल्लीच्या एका पत्रकार परिषदेत सांगितलं होतं. शिक्षण चौथीपर्यंतचं. तुम्हाला माहितीचा अधिकार कशाला हवा, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, मुलाला १० रुपये देऊन बाजारात पाठवलं तर परत आल्यावर मी हिशेब मागते. सरकार माझ्या नावावर एवढा पैसा खर्च करतं, त्याचा मागू नको?

केंद्र सरकारकडे माहिती मागण्याच्या अर्जाचं शुल्क आजही १० रुपयेच आहे. मुलांना मी ते आवर्जून सांगते.