देवणी गोवंश
देवणी : मराठवाड्यात दूध आणि शेतकाम या दोन्हींसाठी पाळला जाणारा देशी गोवंश. लातूर जिल्ह्यातील देवणी परिसरावरून हे नाव पडले.

गीर, डांगी व स्थानिक जनावरांच्या संकरातून हा वंश घडला, असे मानतात (पहा : गीर, डांगी). पुढे आलेले कपाळ, लांब लोंबते कान आणि सैल कातडी ही त्याची ठळक लक्षणे. रंगावरून तीन प्रकार होतात : पांढऱ्या अंगाचा व काळसर तोंडाचा वानेरा, पांढराशुभ्र बालंक्या, काळ्या ठिपक्यांचा शेवरा.

वंशशुद्धी राखण्यात शेतकरी कुटुंबांचा वाटा मोलाचा आहे. घरच्या गाईला जातिवंत वळू दाखवायचा, उत्तम कालवडी कळपात ठेवायच्या आणि गोऱ्हे कामाला शिकवायचे, अशी ही पद्धत. कानातील बारा अंकी बिल्ल्यामुळे आता नोंदही ठेवता येते. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबा यात्रेत जनावरांचा मोठा बाजार भरतो (पहा : लाल कंधारी).

महाराष्ट्रात 2015 पासून गाईबरोबरच वळू व बैल यांच्याही कत्तलीस बंदी आहे. त्यामुळे मांसासाठी गोवंशपैदास येथे होत नाही. यंत्रांमुळे बैलांची मागणी घटत असताना जातिवंत कळप टिकवण्याचा भार मुख्यतः दूध आणि पैदाशीच्या जनावरांच्या विक्रीवर येतो.