असईचा सेनापती : एका मार्गफलकाच्या निमित्ताने

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतील पोलादाचे कारखाने मागे टाकून भोकरदनच्या वाटेने उत्तरेस निघाले म्हणजे केळणेचे खोरे लागते. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात असई हे खेडे आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी येथे आर्थर वेलस्लीने दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले (दुसरे) यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. या वाटेवर स्मृतिफलक लावावयाचा झाल्यास त्यावर कोणाचे नाव घालावे, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. 'येथे वेलस्लीने मराठ्यांना जिंकले' हे विधान खोटे नव्हे. परंतु त्यात लढाईच हरवते.

२१ सप्टेंबरला बदनापूर येथे वेलस्ली व कर्नल स्टीव्हन्सन यांची भेट होऊन, दोघांनी निरनिराळ्या वाटांनी जाऊन २४ तारखेस एकत्र हल्ला करावा असे ठरले होते. २३ रोजीच शत्रू समोर आढळल्याने वेलस्लीने थांबणे नाकारले. वाटाड्यांनी उतार नसल्याचे सांगितले असताही, दोन्ही तीरांवर समोरासमोर वसलेल्या दोन गावांवरून त्याने उतार ताडला, ही कथा इंग्रज लेखक आवडीने सांगतात. ती खरी आहे आणि त्याच्या बुद्धीस साजेशीही आहे.

तथापि नदी ओलांडल्यावर जे घडले, ते त्याच्या अंदाजाबाहेरचे होते. शिंद्यांच्या कवायती पलटणींचा प्रमुख पोलमन हा हॅनोव्हरचा जर्मन. कंपनीची फौज बगलेवर येताच त्याने आपली संपूर्ण फळी वळवून केळणा ते असई अशी नवी आघाडी उभी केली. मराठ्यांच्या पायदळास हे साधणार नाही, असा वेलस्लीचा समज होता. उजवीकडील तुकडी वाट चुकून थेट असईच्या तोफांसमोर गेली आणि ७४ व्या हायलँडर पलटणीची अक्षरशः कत्तल झाली. कर्नल मॅक्सवेलच्या घोडदळाने तिला वाचविले; पुढे तोही पडला. तोफांची रांग इंग्रजांच्या हाती गेल्यावर मेल्याचे सोंग करून पडलेले गोलंदाज उठले आणि त्यांनी त्याच तोफा पुढे गेलेल्या पलटणींच्या पाठीवर डागल्या. ती रांग इंग्रजांना दुसऱ्यांदा घ्यावी लागली.

वेलस्लीच्या हाती ९८ तोफा लागल्या. त्याची ४२८ माणसे ठार झाली आणि जखमी धरून हानी दीड हजारांवर गेली. साडेचार हजारांच्या कवायती फौजेतून ही संख्या म्हणजे सुमारे एक तृतीयांश होय. पाठलाग तत्काळ शक्य झाला नाही. याउलट शिंदे-भोसल्यांच्या अफाट घोडदळाचा लढाईत फारसा उपयोग झाला नाही. हा दोष गोलंदाजांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल.

इंग्रज पलटणींना पुढे निशाणांवर हत्तीचे चिन्ह व 'असई' हे नाव मिळाले. पोलमनचे नाव फलकावर यावेच. परंतु तो परका, पगारी अधिकारी होता, हेही त्याच ओळीत नमूद व्हावे. माझ्या मते पहिली ओळ तारखेची, आणि दुसरी, वेलस्लीच्याही आधी, तोफेजवळ पडलेल्या गोलंदाजांची असावी.