कोळशाचा गॅस आणि पाण्याचा गॅस

राजपुरीच्या खाडीत आजही शिडाची होडी पैसे कमावते. राजपुरीच्या जेट्टीवरून जंजिरा किल्ल्यावर पर्यटक नेणाऱ्या होड्या वाऱ्यावर जातात, वारा पडला की वल्ह्यावर. खाडीच्या आमच्या बाजूला, दिघीला, मात्र सगळा कारभार डिझेलवर. आगरदांड्याला गाड्या नेणारी फेरीबोट, किल्ल्याकडे जाणाऱ्या लाँची, मासेमारीच्या बोटी, बंदरातले टग, सगळे तेल पिणारे. मी त्यातल्या लहान इंजिनांचा फिटर. नोझल, पंप, हेड, गिअर, शाफ्ट, पंखा, एवढ्यात माझं आयुष्य गेलं. भाव वाढला की तेल वाचवायचं औषध विकणारे जेट्टीवर येतात, आणि नाखवा लोक त्यांना माझ्याकडे पाठवतात. तेलाच्या नळीला बांधायचं लोहचुंबक येऊन गेलं, टाकीत टाकायच्या गोळ्या येऊन गेल्या. सगळ्यांत ऐटीत आलं ते हायड्रोजनचं किट. पाण्यात वीज सोडायची, निघेल तो गॅस टर्बोच्या तोंडाशी द्यायचा आणि वीस-तीस टक्के डिझेल वाचवायचं, असा त्याचा दावा.

इंजिनाने स्वतःच्या अंगावर गॅस तयार करून तोच प्यायचा, हा प्रकार आमच्या मुलखाला नवा नव्हता. फरक एवढाच की पहिल्या वेळी तो खरंच चालला.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर रेशन आलं तेव्हा मुंबई इलाख्यातल्या बस आणि लॉऱ्यांच्या पाठीला पिंप लागलं. लोक त्याला गॅस प्लँट म्हणत. पिंपात लाकडी कोळसा पेटवायचा, हवा जेमतेम जाऊ द्यायची, म्हणजे कोळसा पुरता न जळता कार्बन मोनॉक्साइड निघतो. तो थंड करून, गाळून इंजिनात घ्यायचा. युरोपात जॉर्ज इम्बेर या फ्रेंच माणसाने 1920च्या दशकात हे यंत्र मार्गी लावलं होतं. आमच्याकडे ते युद्धाच्या निकडीने पसरलं. वडील सांगायचे, क्लीनर सकाळी लवकर येऊन हाताने पंखा फिरवत बसायचा, गॅस धरल्याशिवाय गाडी सुरू होत नसे. चढ आला की उतारू खाली. निम्मा-शिम्मा गॅस म्हणजे हवेतला नायट्रोजनच, त्यामुळे इंजिनाची ताकद चांगलीच घटायची. बंद शेडमध्ये प्लँट पेटवला तर जिवाशी खेळ. तरीही गाडी मुक्कामाला पोचायची. एक लिटर पेट्रोलचं काम साधारण दीड किलो कोळसा करायचा.

तो कोळसा आमच्याच भागातला. रोहा, म्हसळा, माणगाव या पट्ट्यातल्या जंगलात कातकरी भट्ट्या लावायचे, आजही कोळशाच्या कामावर त्यांची कुटुंबं लांबलांब जातात. राजपुरीची खाडी आत म्हसळ्यापर्यंत जाते. जळाऊ लाकूड, कोळसा, भात असा माल पडावांत आणि मचव्यांत भरून भरतीच्या पाण्यावर बाहेर यायचा आणि वारा पाहून मुंबईला जायचा. तेव्हा इथे राज्य जंजिऱ्याच्या नवाबाचं. 1948 साली संस्थान विलीन झालं आणि आम्ही कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यात आलो. आता गंमत पाहा. कोळशाच्या त्या गॅसमध्ये ओलाव्यामुळे थोडा हायड्रोजनही असायचाच. म्हणजे या भागातल्या कोळशाने इंजिनाला हायड्रोजन पाजून झाला त्याला ऐंशी वर्षं होऊन गेली, फक्त कुणी त्याचं पत्रक छापलं नाही.

पुढे डिझेल आलं. याचं थोडं श्रेय सातारकरांना द्यायला हवं. 1930च्या दशकाच्या सुरुवातीला साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात देशी डिझेल इंजिन तयार झालं. हेच कूपर 1937 साली काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधान होते. इंजिनवाला माणूस राज्याच्या गादीवर बसला याचा आम्हा फिटर लोकांना उगाच अभिमान. 1946 साली पुण्याला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स निघाली. स्वातंत्र्यानंतर सरकारने मच्छीमारांना कर्ज आणि अनुदान द्यायला सुरुवात केली आणि एकेका बंदरात शिडाच्या होडीच्या पोटात इंजिन बसू लागलं. म्हाताऱ्या तांडेलांना ते आवडलं नव्हतं. वाऱ्याला पगार द्यावा लागत नाही, असं ते म्हणायचे. पण वारा नसला तरी मासळी वेळेत मुंबईच्या भाऊच्या धक्क्याला पोचते, हे पाहिल्यावर बोलणं थांबलं.

टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा दाबणारी चक्री, आमच्याकडे पोचायला मात्र फार उशीर झाला. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखीने त्याचं पेटंट 1905 साली घेतलं, जहाजांवर तो 1920च्या दशकात चढला. आपल्याकडे 1962 साली पुण्यात किर्लोस्कर कमिन्स निघाली, 1980च्या दशकात अशोक लेलँडने जपानच्या हिनोच्या परवान्यावर इंजिनं काढली. ती आधी ट्रकमध्ये झिजली आणि मग मुंबईत कुर्ल्याच्या किंवा दारूखान्याच्या भंगारातून आमच्या बोटींत आली. ट्रकचं इंजिन मरीन करणं हे आमचं कौशल्य. रेडिएटर काढायचा, खाऱ्या पाण्याने थंड होणारा कूलर लावायचा, एक्झॉस्टला पाण्याचं जाकीट घालायचं, मरीन गिअर जोडायचा. अशा जुन्या टर्बो इंजिनात कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. पंप, गव्हर्नर आणि ड्रायव्हरचा कान. म्हणूनच किटवाल्यांना ही इंजिनं फार आवडतात. नव्या गाडीचा कॉम्प्युटर चोरी पकडतो, जुनं इंजिन काही बोलत नाही.

2008च्या जुलैत कच्चं तेल पिंपाला 147 डॉलरवर गेलं आणि पाण्याच्या गॅसचं खूळ जगभर उसळलं. मुळात ही कल्पना जुनी. 1800 साली निकल्सन आणि कार्लाइल यांनी विजेने पाणी फोडून दाखवलं, 1807 साली द रिवाझने हायड्रोजनवर चालणारं इंजिन केलं. 1970च्या दशकात ऑस्ट्रेलियात युल ब्राउनने हायड्रोजन-ऑक्सिजनच्या मिश्रणाला आपलं नाव चिकटवलं. अमेरिकेत स्टॅनली मेयरने पाण्यावर गाडी चालवतो असं सांगून पैसे घेतले, 1996 साली ओहायोच्या कोर्टाने ती फसवणूक ठरवली. त्याच वर्षी तमिळनाडूच्या रामर पिल्लैने पाला उकळून पेट्रोल करून दाखवलं होतं. सरकारी शास्त्रज्ञसुद्धा काही दिवस चकित होते. 2016 साली त्याला शिक्षा झाली.

आमच्या जेट्टीवर आलेलं किट म्हणजे स्टीलच्या पत्र्यांचा एक डबा, पाण्याची प्लास्टिकची बाटली, नळी, रिले आणि कॉस्टिक पोटॅशची पुडी. विक्रेता शर्ट इस्त्रीचा, बोलणं गोड. एका लाँचवाल्या नाखवाने त्याला माझ्यासमोर बसवलं.

"नाखवा, हे पाणी जळतं, तुमचं डिझेल वाचतं," तो म्हणाला.

"पाणी जळतं तर खाडी का नाय पेटत रे बाबा?" नाखवाने विचारलं.

हसणं झालं, पण प्रश्न बरोबर होता. पाणी म्हणजे आधीच जळून झालेला हायड्रोजन. त्याला पुन्हा जळाऊ करायचं तर जेवढी शक्ती पुढे मिळणार त्याहून जास्त आधी घालावी लागते. मी वही काढली.

अल्टरनेटर 14 व्होल्टला 20 अँपिअर देतो, म्हणजे 280 वॅट. डब्यात सहा सेल. फॅरेडेने 1834 साली मांडलेल्या नियमाने एवढ्या विजेत मिनिटाला जास्तीत जास्त 1.4 लिटर मिश्र गॅस निघतो, त्यात हायड्रोजन 0.9 लिटरच्या आसपास. त्याची उष्णता धरली तर 150 वॅट. इंजिन त्यातलं तिसरा हिस्सा कामाला लावतं, म्हणजे 50 वॅट. आणि पट्ट्यावरचा अल्टरनेटर 280 वॅट वीज द्यायला क्रँककडून साधारण 500 वॅट ओढून घेतो. 500 द्यायचे, 50 घ्यायचे.

विक्रेत्याकडे उत्तर तयार होतं. हायड्रोजन जळणासाठी नाही, तो डिझेल पूर्ण जळावं म्हणून आहे, असं तो म्हणाला. हे ऐकायला पटतं. पण ठीक असलेल्या इंजिनात डिझेल जवळपास सगळं जळतंच. तोटा होतो तो उष्णतेचा, एक्झॉस्टमधून आणि इंजिन थंड करणाऱ्या पाण्यातून. शिवाय सहा लिटरचं टर्बो इंजिन 1500 फेऱ्यांना मिनिटाला सहा-सात हजार लिटर हवा ओढतं. त्यात हा 1.4 लिटर. हवेत हायड्रोजन निदान 4 टक्के असल्याशिवाय ते मिश्रण पेट घेत नाही. इथे हायड्रोजनचं प्रमाण टक्क्याच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी. विक्रेते अमेरिकेच्या नासाचा 1977चा एक अहवालही पुढे करतात. तो पेट्रोल इंजिनाचा आहे, आणि तिथला हायड्रोजन काही इंजिनाच्याच अल्टरनेटरवर पाणी फोडून काढलेला नव्हता.

नाखवाला तरीही बघायचं होतं, आणि ते योग्यच. बोट जेट्टीला दोन दोरांनी बांधली, गिअर पुढे टाकला, फेऱ्या ठरवल्या आणि मोठ्या टाकीऐवजी खुणा केलेल्या डब्यातून डिझेल दिलं. किट चालू करून वेळ मोजला, बंद करून मोजला, पुन्हा चालू करून मोजला. डबा रिकामा व्हायला लागणारा वेळ तोच. किटने फायदा दिला नाही, नुकसानही दिसलं नाही. शंभर हॉर्सपॉवरच्या, म्हणजे 75 किलोवॅटच्या इंजिनाला अर्धा किलोवॅट कुठे कळणार? किटवरचा विश्वास टिकून राहतो तो यामुळेच. खिशाला भोक पडलं तर माणूस हात घालून पाहतो. हे भोक एवढं बारीक की हात घालायची वेळच येत नाही.

मग काही लोकांना खरोखर बचत कशी दिसली? त्या विक्रेत्याने किट बसवताना एअर फिल्टर बदलला, टॅपेट लावले आणि ड्रायव्हरला सांगितलं की गॅसची ताकद वाढलीय, आता थ्रॉटल थोडा खालीच ठेव. खरी किमया इथे आहे. पाण्यातल्या बोटीला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या हिशेबाने वाढते. वेग दहा टक्के कमी केला तर ताकद सत्तावीस टक्के कमी लागते, आणि तेवढ्याच अंतराला डिझेल जवळपास एकोणीस टक्के कमी जातं. ही बचत ड्रायव्हरच्या हातात आहे, डब्यात नाही. पण हात फुकट आणि डब्याला पैसे पडतात, म्हणून श्रेय डब्याला.

धोका मात्र फुकट नाही. किट वापरलेल्या एका बोटीवरून ते काढल्यावर मी टर्बो उघडला तेव्हा हवेच्या बाजूची चक्री पांढुरकी, खरबरीत झालेली दिसली. लाटेत बोट हलली की बाटलीतलं पाणी फेसाळतं आणि पोटॅशचा तुषार नळीतून सरळ टर्बोत जातो. चक्री ॲल्युमिनियमची, आणि पोटॅश ॲल्युमिनियम खातं. बाटलीतलं पाणी तपकिरी झालं होतं, ते स्टीलच्या पत्र्यांतून सुटलेल्या धातूंमुळे, आणि त्यातला क्रोमियमचा अंश विषारी असतो. ते खलाशाने खाडीत ओतलं. शिवाय गळती झाली तर हायड्रोजन वर जाऊन डेकच्या खाली साचतो, आणि बोटीच्या इंजिनरूममध्ये बॅटरीची ठिणगी कायमच असते. उघड्या रस्त्यावरच्या ट्रकचं एक वेळ ठीक, बोटीच्या पोटात हे चालत नाही.

हायड्रोजनशी माझं वैर नाही. जे. बी. एस. हाल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने 1923 साली केंब्रिजमध्ये सांगितलं होतं की पवनचक्क्यांच्या विजेने पाणी फोडून हायड्रोजन साठवायचा दिवस येईल. हे गृहस्थ 1957 साली भारतातच राहायला आले. 2023च्या जानेवारीत केंद्राने 19,744 कोटींचं हरित हायड्रोजन मिशन मंजूर केलं. 2024च्या फेब्रुवारीत कोचीन शिपयार्डची फ्युएल सेलवर चालणारी बोट पाण्यात उतरली. दिघीचं बंदर 2021 पासून अदानींकडे आहे, 2024 साली केंद्राने इथे औद्योगिक शहर मंजूर केलं, तेव्हा उद्या असली बोट आमच्या धक्क्यालाही लागेल. पण तिथे शक्ती बाहेरून येते, उन्हातून किंवा वाऱ्यातून. युद्धातल्या गाडीत ती कोळशातून, म्हणजे जंगलातून यायची. किटमध्ये ती त्याच इंजिनातून येते ज्याचं तेल वाचवायचं आहे.

तेल खरंच वाचवायचं असेल तर आमच्याकडचे उपाय जुने आणि कंटाळवाणे आहेत. 1 जूनला पावसाळी मासेमारीबंदी लागून बोटी शाकारल्या की तळाला चिकटलेली शिंपली खरवडा. पंख्याची वाकलेली पाती सरळ करून घ्या. नोझल आणि पंप मुंबईला पाठवून कॅलिब्रेट करा. काळा धूर दिसला तर वर डबा बसवू नका, आधी एअर फिल्टर बघा. निसर्ग वादळाने 3 जून 2020 रोजी आमच्या किनाऱ्यावर अनेक बोटी आपटल्या. नंतर ज्यांनी शाफ्टची रांग नीट लावून घेतली नाही, ते अजून जास्तीचं डिझेल जाळतायत आणि किटचा भाव विचारतायत.

वाचकांना एक विनंती. आपल्या जिल्ह्यातल्या त्या कोळशाच्या गाड्यांचं फारसं काही माझ्या पाहण्यात नाही. म्हसळा, श्रीवर्धन, मुरूड, माणगाव भागात कुणाच्या घरी गॅस प्लँट लावलेल्या बसचा फोटो, कोळशाच्या रेशनची पावती किंवा ते जुनं पिंप पडलं असेल तर ते भंगारवाल्याला देऊ नका. मला दिघीच्या जेट्टीवर आणून दाखवा, किंवा गावच्या शाळेत नेऊन ठेवा.