सुट्टीतील वाचन आणि सार्वजनिक ग्रंथालयांचे लोकाभिमुख उपक्रम : एक ऐतिहासिक आढावा

प्रास्ताविक

सार्वजनिक ग्रंथालयाचा इतिहास सामान्यतः स्थापनेचे वर्ष, इमारत, ग्रंथसंख्या आणि देणगीदार यांच्या आधारे लिहिला जातो. वाचकापर्यंत पोहोचण्यासाठी ग्रंथालयाने कोणते प्रयत्न केले, हा प्रश्न त्या इतिहासात क्वचितच विचारला जातो. उन्हाळी सुट्टीतील बालवाचन, कथाकथन, व्याख्याने, चित्रदर्शन, फिरत्या ग्रंथपेट्या या उपक्रमांची नोंद अहवालाच्या अखेरीस ‘इतर कार्यक्रम’ या शीर्षकाखाली होते आणि तेथेच त्यांचा विचार संपतो. वस्तुतः ग्रंथालय कोणासाठी आहे, या मूलभूत प्रश्नाचे उत्तर याच उपक्रमांत दडलेले असते.

प्रस्तुत लेखात या उपक्रमांच्या तीन परंपरांचा परामर्श घेण्यात आला आहे. अमेरिकेतील सुट्टीतील वाचन-उपक्रमांचा उगम, बडोदे संस्थानातील ग्रंथालय-प्रयोग आणि महाराष्ट्रातील व्याख्यानमाला व सभासद-ग्रंथालये या त्या तीन परंपरा होत. कार्यक्रमास आलेली व्यक्ती पुढे पुस्तकापर्यंत पोहोचते की नाही, हा त्यांच्या तुलनेचा निकष आहे.

सुट्टीतील वाचनाचा उगम

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत अमेरिकेतील अनेक सार्वजनिक ग्रंथालयांत लहान मुलांना मुक्त प्रवेश नव्हता. ठरावीक वयाखालील मुलांना पुस्तके दिली जात नसत. या धोरणाविरुद्ध ज्यांनी प्रत्यक्ष कामातून मत घडवले, त्यांत कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड येथील ग्रंथपाल कॅरोलाइन ह्यूइन्स यांचे स्थान महत्त्वाचे आहे. त्यांनी १८८२ मध्ये मुलांसाठी निवडक पुस्तकांची सूची प्रसिद्ध केली. मुलांना काय द्यावे, हा ग्रंथपालाच्या व्यावसायिक जबाबदारीचा भाग आहे, ही भूमिका त्यामागे होती.

क्लीव्हलंड सार्वजनिक ग्रंथालयाने १८९७ मध्ये मुलांचा ‘लायब्ररी लीग’ हा संघ स्थापन केला. उपग्रंथपाल लिंडा ईस्टमन यांचा त्यात पुढाकार होता. पुस्तके स्वच्छ हातांनी हाताळावीत व जपावीत, असे वचन संघातील मुले देत. वरवर पाहता हा शिस्तीचा उपक्रम होता. तथापि त्याचा परिणाम वेगळा झाला. पुस्तक खराब करणारा म्हणून ज्याच्याकडे संशयाने पाहिले जाई, तो मुलगा पुस्तकाचा राखणदार ठरला. ग्रंथालय आपलेही आहे, ही भावना त्यातून रुजली. पिट्सबर्ग येथील कार्नेगी ग्रंथालयात १८९८ मध्ये स्वतंत्र बालविभाग सुरू झाला. फ्रान्सिस जेन्किन्स ऑल्कॉट यांच्या नेतृत्वाखाली या विभागाने कामगार वस्त्यांतील घरांत आणि खेळाच्या मैदानांवर पुस्तके नेली. औद्योगिक शहरांत उन्हाळ्यात शाळा बंद राहत व मुले रस्त्यावर असत. त्यामुळे मुले जेथे आहेत तेथे पुस्तके नेणे हाच व्यवहार्य मार्ग होता.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत हे उपक्रम अनेक शहरांत पसरले आणि त्यांबरोबर एक वादही उभा राहिला. वाचलेल्या पुस्तकांची संख्या मोजून प्रमाणपत्रे व बक्षिसे द्यावीत काय, हा तो वाद होय. स्पर्धेमुळे मुले ग्रंथालयात येतात, हे समर्थकांचे म्हणणे होते. स्पर्धेमुळे मुले पुस्तके वाचण्याऐवजी मोजू लागतात, ही विरोधकांची तक्रार होती. हा वाद पूर्णतः मिटलेला नाही. ब्रिटनमध्ये १९९९ पासून चाललेल्या उन्हाळी वाचन-आव्हानाने सहा पुस्तकांचे माफक उद्दिष्ट ठेवून आणि निवड मुलांवर सोपवून या वादातून एक मध्यममार्ग काढला.

बडोदे संस्थानातील प्रयोग

अमेरिकेतील ही विचारधारा थेट भारतात आली ती बडोदे संस्थानात. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू केला. शाळेत शिकलेली अक्षरे पुढे वाचनाअभावी विसरली जाणार असतील, तर शिक्षणावरील खर्च वाया जाईल, हा प्रश्न त्यातून स्वाभाविकपणे उभा राहिला. याच सुमारास अमेरिकेच्या प्रवासात सयाजीरावांनी तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली होती. १९१० मध्ये त्यांनी कनेक्टिकटमधील न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम ॲलन्सन बॉर्डन यांची संस्थानाच्या ग्रंथालय-व्यवस्थेच्या उभारणीसाठी नियुक्ती केली. ह्यूइन्स ज्या राज्यात मुलांसाठी काम करीत होत्या, त्याच राज्यातून बॉर्डन आले, ही बाब लक्षणीय आहे.

बॉर्डन १९१३ पर्यंत बडोद्यात होते. या अल्प काळात स्वतंत्र ग्रंथालय खाते, मध्यवर्ती ग्रंथालय, ग्रंथपालांचा प्रशिक्षणवर्ग आणि फिरती ग्रंथालये यांचा पाया घातला गेला. सयाजीरावांनी आपला सुमारे २०,००० ग्रंथांचा खासगी संग्रह मध्यवर्ती ग्रंथालयास दिला. १९१२ मध्ये निघालेल्या ‘लायब्ररी मिसेलनी’ या नियतकालिकात इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तिन्ही भाषांतील मजकूर असे. ग्रंथालय हा केवळ इंग्रजी जाणणाऱ्या वर्गाचा विषय नाही, याची ती स्पष्ट कबुली होती.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने बडोद्यातील तीन गोष्टी विशेष महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे, मध्यवर्ती ग्रंथालयात स्त्रियांसाठी व मुलांसाठी स्वतंत्र विभाग होते. दुसरी म्हणजे, जेथे ग्रंथालय नव्हते तेथे पुस्तकांच्या कुलूपबंद लाकडी पेट्या पाठवल्या जात आणि त्यांच्या वाहतुकीचा भार संस्थान उचलत असे. शाळामास्तर किंवा गावातील एखादा जबाबदार गृहस्थ पेटी ताब्यात घेई व मुदत संपल्यावर परत पाठवी. तिसरी म्हणजे, दृश्य शिक्षणाचा स्वतंत्र विभाग होता. मॅजिक लँटर्नच्या काचचित्रांचे खेळ, स्टिरिओस्कोपमधून पाहावयाची चित्रे आणि पुढे चलच्चित्रे यांच्या साहाय्याने हा विभाग निरक्षरांपर्यंतही पोहोचत असे. आज ज्याला ग्रंथालयाचा ‘लोकाभिमुख कार्यक्रम’ म्हटले जाते, तो बडोद्यात खात्याच्या रचनेचाच भाग होता.

या व्यवस्थेचा आर्थिक पायाही विचारपूर्वक घातलेला होता. ग्रामस्थांनी जमवलेल्या वर्गणीइतकीच रक्कम प्रांत पंचायत देई आणि तेवढीच सरकार देई. त्यामुळे ग्रंथालय हे दान राहिले नाही; गावाचा त्यात एक तृतीयांश वाटा असे. या सरकारी योजनेच्या आधीपासून मोतीभाई अमीन यांनी मित्रमंडळांच्या वाचनालयांद्वारे गावोगावी जमीन तयार केली होती. बॉर्डन यांच्यानंतर जनार्दन सखाराम कुडाळकर आणि न्यूटन मोहन दत्त यांनी हे कार्य पुढे नेले. १९३१ मध्ये मांडवी येथे मध्यवर्ती ग्रंथालयाची नवी इमारत उभी राहिली. तथापि तोपर्यंत बडोद्याचे खरे ग्रंथालय शेकडो खेड्यांत पसरलेले होते, याचा विसर पडू नये.

महाराष्ट्रातील परंपरा : श्रोता आणि सभासद

महाराष्ट्रातील ग्रंथालयांचा इतिहास बडोद्याहून जुना आहे. रत्नागिरी येथे १८२८ मध्ये, नाशिक येथे १८४० मध्ये आणि पुणे येथे १८४८ मध्ये वाचनालये स्थापन झाली. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये आणि मुंबईचे १८९८ मध्ये स्थापन झाले. सुरुवातीच्या काही वाचनालयांना इंग्रज अधिकाऱ्यांचा आश्रय लाभला. पुढील संस्था मुख्यतः मराठी सुशिक्षितांच्या स्वयंप्रेरणेतून उभ्या राहिल्या. या संस्थांचा कणा सभासदांची वर्गणी हा होता. भाषा, साहित्य व सार्वजनिक जीवन यांसाठी त्यांनी केलेले कार्य अनमोल आहे. परंतु वर्गणीवर उभी असलेली संस्था स्वाभाविकपणे वर्गणीदारांचा विचार प्रथम करते. मूल तेथे बहुधा वडिलांच्या सभासदत्वावर येई. ज्याचे वडील सभासद नव्हते, त्याला दार उघडे असूनही आत जाण्याचे कारण नव्हते.

उन्हाळ्याच्या ऋतूत लोकांना एकत्र आणण्याची महाराष्ट्राची स्वतःची परंपरा मात्र समृद्ध आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या प्रेरणेने पुण्यात १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. न्यायालये व महाविद्यालये यांच्या सुट्टीचा हा काळ असल्याने वक्ते व श्रोते दोघांनाही सवड मिळत असे. पुढे महाराष्ट्रातील अनेक गावांत व्याख्यानमाला सुरू झाल्या आणि अनेक ठिकाणी स्थानिक वाचनालय हेच त्यांचे यजमान ठरले. या परंपरेने विचार ऐकण्याची सवय समाजाला लावली. तथापि तिचा केंद्रबिंदू प्रौढ श्रोता होता. व्याख्यान टाळ्यांनी संपते; त्यानंतर विषयाचे पुस्तक श्रोत्याच्या हाती पडावे, अशी व्यवस्था त्यात अभिप्रेत नव्हती.

कायद्याच्या पातळीवरही हाच वारसा पुढे चालला. मुंबई सरकारने १९३९ मध्ये नेमलेल्या फैजी समितीने प्रांतभर टप्प्याटप्प्याने ग्रंथालयांचे जाळे उभारण्याची योजना सुचवली. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये भारतातील पहिला सार्वजनिक ग्रंथालय कायदा केला. कोल्हापूर व बडोदे ही दोन्ही संस्थाने १९४९ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाली. म्हणजे ग्रंथालयाला शासकीय कर्तव्य मानणारे दोन अनुभव एकाच प्रशासनाच्या हाती आले होते. परंतु १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने स्वयंसेवी संस्थांना मान्यता व अनुदान देण्याचा मार्ग स्वीकारला. ग्रंथालय-कराची तरतूद त्यात नाही. ‘अ’ ते ‘ड’ या वर्गवारीत ग्रंथसंख्या, नियतकालिके, सभासद यांसारख्या मोजता येणाऱ्या बाबींना महत्त्व आले. या मार्गाने राज्यात हजारो ग्रंथालये उभी राहिली, हे त्याचे निर्विवाद यश होय. मात्र जो अद्याप सभासद नाही, त्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न अनुत्तरित राहिला.

सुट्टी, अंतर आणि विषमता

हा प्रश्न उन्हाळ्यात सर्वाधिक तीव्र होतो. शाळा बंद होते तेव्हा शाळेतील पुस्तकांचे कपाटही बंद होते. वाचनास सर्वाधिक सवड असते, त्याच दिवसांत पुस्तक दुर्मीळ होते. ज्या घरात पुस्तके आहेत, तेथील मुलाचे काही अडत नाही. ज्या घरात पाठ्यपुस्तकाखेरीज छापील कागद नाही, तेथील मुलासाठी हा काळ अक्षरांपासून दूर जाण्याचा ठरू शकतो.

समाजशास्त्रज्ञ बार्बरा हेन्स यांनी अटलांटा शहरातील सहावी-सातवीच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास १९७८ मध्ये प्रसिद्ध केला. सुट्टीत वाचलेल्या पुस्तकांची संख्या आणि मुलांची प्रगती यांत सातत्याने संबंध असल्याचे, तसेच या काळात मुलांच्या वाढीला हातभार लावणारी प्रमुख सार्वजनिक संस्था ग्रंथालय हीच असल्याचे त्यात दिसून आले. घरापासून ग्रंथालयाचे अंतर वाढले की वापर घटतो, हेही त्यातून पुढे आले. सुट्टीमुळे गरीब व सधन मुलांतील दरी नेमकी किती वाढते, हे मोजमापाच्या पद्धतीवर अवलंबून असल्याचे २०१९ मधील फेरतपासणीने दाखवले आहे. त्यामुळे दरीच्या आकाराविषयी ठाम विधान करणे उचित नव्हे. अंतराचा मुद्दा मात्र त्यामुळे बाधित होत नाही. अटलांटामध्ये सांख्यिकीने जे सांगितले, ते ओळखूनच जणू बडोद्याच्या पेट्या सहा दशके आधी खेड्याकडे निघाल्या होत्या.

अलीकडच्या काळात महाराष्ट्रात या दिशेने काही पावले पडली आहेत. महाबळेश्वर-पाचगणी परिसरातील भिलार येथे ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचे गाव’ साकारले. ग्रामस्थांनी आपल्या घरांतील जागा पुस्तकांसाठी खुल्या केल्या. येणाऱ्याला सभासदत्व विचारले जात नाही, हे त्याचे वैशिष्ट्य. वाचन प्रेरणा दिन २०१५ पासून १५ ऑक्टोबरला साजरा होतो. परंतु एका दिवसाचा समारंभ आणि दीड महिन्याची सुट्टी यांत मूलभूत फरक आहे. समारंभ वाचनाचे महत्त्व सांगतो; सुट्टीला प्रत्यक्ष पुस्तक लागते.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येते की, ग्रंथालयाचे दार उघडे ठेवणे आणि वाचकाला आत आणणे ही दोन भिन्न कार्ये आहेत. क्लीव्हलंडने मुलाला राखणदार करून, पिट्सबर्गने मैदानावर पुस्तके नेऊन आणि बडोद्याने पेटी व काचचित्रे खेड्यात पाठवून दुसरे कार्य केले. या तिन्ही ठिकाणी कार्यक्रमाचा शेवट पुस्तकाच्या देवघेवीशी जोडलेला होता. महाराष्ट्राने श्रोते घडवले, संस्था घडवल्या, मोठमोठे संग्रह जतन केले. मात्र कार्यक्रम आणि देवघेव यांतील दुवा ढिला राहिला.

बडोद्याचा प्रयोग एका राज्यकर्त्याच्या इच्छाशक्तीवर उभा होता, ही त्याची मर्यादा मान्य करावी लागते. परंतु त्याची साधने असामान्य नव्हती. लाकडी पेटी, जबाबदारी घेणारा शिक्षक, गावाचा तिसरा हिस्सा आणि ठरलेली मुदत एवढ्यावर ते काम चालत होते. व्याख्यानमालेच्या सभागृहाबाहेर विषयाशी संबंधित पुस्तके मांडून तेथेच देवघेव करणे, अथवा शाळेचे कपाट एप्रिलअखेर गावातील वाचनालयाकडे सोपवणे यांस नवा कायदा लागत नाही. त्यासाठी उपक्रमाकडे शोभेची बाब म्हणून न पाहता सेवा म्हणून पाहण्याची दृष्टी लागते. अहवालातील ‘इतर कार्यक्रम’ हे शीर्षक बदलण्यापासून त्याची सुरुवात होऊ शकेल.